पाठ एकच, पायऱ्या वेगळ्या : द्विशिक्षकी शाळेत सर्वांना सामावून घेणारे अध्यापन

वाळवा तालुक्यातील कृष्णाकाठच्या आमच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथीची मुले माझ्याकडे एकाच खोलीत बसतात. त्यांत चौथीचे पुस्तक जूनमध्येच संपवण्याची घाई असलेली मुलगी आहे, जोडाक्षर आले की थांबणारी चार-पाच मुले आहेत, एका कानाने कमी ऐकणारा मुलगा आहे, दहापर्यंत मोजणे अजून पक्के न झालेला बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा आहे, आणि ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की कोप्यांवरून, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांवरून, येणारी तीन-चार मुले यात भर घालतात. असा वर्ग अपवाद नाही. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत तो असाच असतो, आणि म्हणूनच पुढील मांडणी प्रशिक्षणातल्या आदर्श वर्गासाठी नसून अशा वर्गासाठी आहे.

आरंभी एक गैरसमज दूर करायला हवा. मुलांच्या क्षमता वेगवेगळ्या आहेत म्हणून प्रत्येकासाठी वेगळा पाठ तयार करायचा, असे समजून अनेक शिक्षक हे काम अशक्य ठरवतात. आणि त्या अर्थाने ते अशक्यच आहे. येथे अपेक्षित आहे ते वेगळे : पाठ एकच, त्याचे उद्दिष्ट एकच, मात्र त्या उद्दिष्टाकडे जाण्याच्या पायऱ्या एकापेक्षा अधिक. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहिली आणि एकत्र जेवली. मुलांना एका पंगतीत बसवण्याचा धडा या परिसराने शंभर वर्षांपूर्वीच घेतला आहे. वर्गात आपल्याला त्याच्या पुढचे काम करायचे आहे. पंगतीत ज्याला अजून चावता येत नाही त्याला भाकरी तीच वाढायची, पण कुस्करून.

मूल नेमके कोठे उभे आहे ते पाहणे

शाळा उघडल्यावरचे पहिले दोन आठवडे यासाठी राखून ठेवावेत. लेखी चाचणीने काम भागत नाही, कारण लेखी चाचणी मुलाला काय येत नाही एवढेच सांगते आणि का येत नाही याविषयी गप्प बसते. प्रत्येक मुलाला सात-आठ मिनिटे एकट्याला जवळ बसवावे. वाचनासाठी अक्षरे, साधे शब्द, जोडाक्षरी शब्द, दोन वाक्ये आणि एक छोटा उतारा अशा पाच पट्ट्या पुरतात. मूल ज्या पट्टीवर अडखळते तेथे थांबावे आणि त्याच्या मागची पट्टी पुन्हा वाचायला देऊन त्याला हसतमुखाने जागेवर पाठवावे. गणितासाठी काड्या, चिंचोके आणि खेळातल्या नोटा हाताशी असाव्यात. दररोज परिपाठानंतर तिघे-चौघे घेतले तर पंचवीस-तीस मुलांचा वर्ग दोन आठवड्यांत पूर्ण होतो.

नोंदीसाठी एका वहीत प्रत्येक मुलाचे एक पान करावे आणि त्यावर तीनच गोष्टी लिहाव्यात : काय येते, कोठे अडते, आणि कशाने उमगते. तिसरा रकाना सर्वांत मोलाचा असतो आणि नेमका तोच आपल्या छापील नोंदवह्यांत नसतो. घरची भाषा, डोळे आणि कान यांची माहितीही याच पानावर असावी.

हा प्रत्यक्ष भेटीचा आग्रह मी का धरते, ते एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. बीड जिल्ह्यातून कोपीवर आलेल्या एका मुलीने वहीत हातच्याच्या वजाबाकीची पाचही उदाहरणे चुकवली होती. मी तिला जवळ घेतले आणि विचारले, "सत्तावीस रुपयांचं तेल घेतलंस आणि दुकानदाराला पन्नासची नोट दिलीस, तर परत किती घेशील?" तिने क्षणभर बोटे हलवली आणि म्हणाली, "तीन दिले की तीस झाले, अन् वरचे वीस. तेवीस." तिला वजाबाकी उत्तम येत होती, येत नव्हती ती उभी मांडणी. वहीवर लाल रेघ मारून मी पुढे गेले असते, तर तिला एक वर्षभर काड्या मोजायला लावले असते आणि तिची ती सुंदर रीत मला कधीच कळली नसती.

उद्दिष्ट एका वाक्यात लिहिणे

पाठटाचणात उद्दिष्टे चार-पाच लिहिण्याची आपल्याला सवय असते. पायऱ्यांचा पाठ आखताना ती सोडून द्यावी आणि आजच्या तासाचे एकच वाक्य लिहावे. उदाहरणार्थ, "सुट्या कमी पडल्या की एक दशक सुटा करता येतो, हे मुलांना समजेल." या वाक्यात किती अंकी संख्या, किती उदाहरणे, वहीत की काड्यांनी, यांपैकी काहीही नाही, आणि म्हणूनच ते वर्गातल्या प्रत्येक मुलाला लागू पडते. उद्दिष्ट "विद्यार्थी दोन अंकी संख्यांची दहा उदाहरणे सोडवतील" असे लिहिले, तर अर्धा वर्ग पहिल्या मिनिटालाच बाहेर पडतो.

एक पाठ जवळून : त्रेपन्न वजा सत्तावीस

या पाठाची सुरुवात उदाहरणाच्या निवडीपासून होते. पूर्वी मी फळ्यावर ५२ − २७ देत असे आणि अनेकांचे उत्तर ३५ येई. त्या सर्वांची चूक एकच आहे असे मानून मी सर्वांना एकच समजावणी देत होते. पुढे लक्षात आले की ३५ हे उत्तर दोन वेगळ्या वाटांनी येते. काही मुले वरचे-खालचे न पाहता मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात, म्हणजे सातातून दोन गेले पाच. आणि काही मुले हातचा घेऊन बारातून सात बरोबर वजा करतात, पण दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरतात. दोघांच्याही वहीत पाचच येतात. तेच उदाहरण ५३ − २७ असे दिले, तर पहिल्या मुलाचे उत्तर ३४ येते, दुसऱ्याचे ३६ येते आणि बरोबर उत्तर २६ असते. मग चूक स्वतःच बोलते आणि कोणाला कोणत्या गटात बसवायचे, हे फळ्यासमोर उभ्या उभ्या कळते. पहिल्या मुलाला अजून काड्या हाताळायला हव्यात. दुसऱ्याला केवळ मांडणीत खूण करण्याची सवय हवी. या दोघांना एकाच गटात बसवणे दोघांवरही अन्याय आहे.

चाळीस मिनिटांच्या तासाचे तीन भाग करावेत. पहिली दहा मिनिटे सर्वांची एकत्र असावीत. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या टेबलावर ठेवून सत्तावीस काड्या मागाव्यात आणि मुलांनाच अडचणीत येऊ द्यावे. "सुट्या तीनच हायत, सात कुठनं द्यायच्या?" हा प्रश्न मुलांकडून येईपर्यंत शिक्षकाने गठ्ठ्याचे रबर सोडू नये. तो प्रश्न आला की अर्धा पाठ झाला.

मधली वीस मिनिटे पायऱ्यांची. पहिल्या पायरीवरची मुले काड्या किंवा खेळातल्या नोटा घेऊन प्रत्यक्ष गठ्ठा सोडतात आणि उत्तर तोंडी सांगतात. दुसऱ्या पायरीवर मुले वहीत उभ्या रेघा आणि ठिपके काढून तेच करतात. सुटा केलेला दशक खोडून त्याचे दहा ठिपके काढतात. तिसऱ्या पायरीवर उभी मांडणी येते, आणि त्यात खोडलेला पाच व त्यावर लिहिलेला चार ठळक दिसलाच पाहिजे. ज्यांना हे सर्व सहज येते त्यांना त्याच प्रकारची आणखी वीस उदाहरणे देऊ नयेत. आपल्या शाळांतून हुशार मुलांवर होणारा हा नित्याचा अन्याय आहे : काम लवकर संपवले म्हणून शिक्षा म्हणून अधिक काम. त्यांना त्या कोपीवरच्या मुलीची रीत द्यावी आणि विचारावे की, सत्तावीसपासून वर मोजत त्रेपन्नपर्यंत जाऊनही तेच उत्तर का येते? या प्रश्नावर माझ्या वर्गातली दोन मुले संपूर्ण आठवडा भांडत होती.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला या तासात रंगवायला चित्र देऊन कोपऱ्यात बसवणे म्हणजे समावेशन नव्हे. या पाठाला दहा-दहाचे गठ्ठे लागतात आणि ते बांधणे हेच त्याचे गणित आहे. ते शिकवताना शेवटच्या कृतीपासून मागे यावे. पहिल्या दिवशी नऊ काड्या मी मोजून ठेवल्या, त्याने दहावी ठेवून रबर लावले आणि गठ्ठा पुरा केल्याचे समाधान त्याला मिळाले. नंतर मी आठच मोजल्या, मग सात. दिवाळीपर्यंत तो संपूर्ण गठ्ठा स्वतः मोजून बांधू लागला. महत्त्वाची गोष्ट अशी की त्याचे गठ्ठे वर्गाला खरोखर हवे असतात. एखाद्यात नऊ निघाल्या तर मुले तो त्याच्याकडे परत नेतात आणि तो पुन्हा मोजतो.

शेवटची दहा मिनिटे पुन्हा सर्वांची एकत्र असावीत आणि ती कोणत्याही कारणाने कापू नयेत. प्रत्येक पायरीवरच्या एकाने आपण काय केले ते दाखवावे; काड्यांच्या गटाने आधी, मांडणीच्या गटाने नंतर, म्हणजे मांडणीतला खोडलेला पाच हा सोडलेला गठ्ठाच आहे, हे सर्वांना दिसते. हा भाग गाळला की पायऱ्यांचे रूपांतर भिंतींत होते.

दोन इयत्ता एकत्र असल्यामुळे शिक्षक कोणाजवळ बसणार, हा प्रश्न उरतोच. मी चौथीला त्या वीस मिनिटांत स्वयंअध्ययनाचे काम देते आणि स्वतः रोज तिसरीच्या एकाच गटाजवळ जमिनीवर बसते. सर्व गटांत फिरत राहिल्यास कोणाचेच ऐकून होत नाही.

गट कसे करावेत आणि केव्हा मोडावेत

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी मुलांचे तीन कायमचे गट केले होते आणि त्यांना कृष्णा, वारणा व येरळा अशी नद्यांची नावे दिली होती. नावे गोड असली तरी पंधरा दिवसांत मुलांना कळले की येरळा म्हणजे "न येणाऱ्यांचा" गट. एका मुलाने घरी जाऊन आईला तसे सांगितल्याचे तिच्याकडूनच मला समजले, आणि ती चूक माझी होती. तेव्हापासून मी तीन नियम पाळते. गट मुलाच्या हुशारीवर होत नाही, त्या घटकातल्या नेमक्या अडचणीवर होतो. त्यामुळे वाचनात अडणारा मुलगा मापनात दुसऱ्यांना दाखवणारा असू शकतो, आणि द्राक्षबागेत पेट्या कशा भरतात ते पाहिलेला मुलगा वजनाच्या घटकात बहुधा तसा असतोच. कोणताही गट दहा-बारा दिवसांपेक्षा अधिक काळ तसाच राहत नाही. आणि आठवड्यातून निदान दोन तास मिश्र गटांचे असतात, ज्यांत गोष्ट तयार करणे, परिसरातील माहिती गोळा करणे, नाट्यीकरण अशी कामे येतात.

सातारा तालुक्यातील कुमठे बीटमधील (बीट म्हणजे शाळांचा गट) शाळांनी ज्ञानरचनावादाचे, म्हणजे मूल स्वतःच्या कृतीतून ज्ञान घडवते या विचाराचे, जे काम उभे केले, ते पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक गेले आणि अनेकजण परत येऊन फरशीवर तक्ते रंगवून मोकळे झाले. रंगवलेली फरशी उपयोगी आहेच; पण त्यावर आज कोणते मूल बसणार आणि कोणते उठणार, हे शिक्षकाच्या वहीतून ठरले नाही, तर ती केवळ रंगवलेली फरशी राहते.

ऐकणे, पाहणे आणि वाचणे

कमी ऐकणाऱ्या मुलाला सर्वांत पुढे बसवावे, असे आपण सरसकट सांगतो. मात्र अगदी पुढे बसलेल्या मुलाला मागे बोलणारी मुले दिसत नाहीत, आणि वर्गातले निम्मे शिक्षण मुलांच्या बोलण्यातून होत असते. दुसऱ्या ओळीत कडेची जागा, चांगला ऐकू येणारा कान वर्गाच्या दिशेने, अशी बैठक अधिक उपयोगी पडते. शिक्षकाने खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, कारण चेहरा अंधारात जातो; फळ्याकडे तोंड करून बोलू नये; आणि ओठ ताणून किंवा ओरडून शब्द विकृत करू नयेत. 'पान' आणि 'मान' हे शब्द ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळे नवा शब्द उच्चारण्याबरोबर फळ्यावर लिहिलाच पाहिजे. दुसऱ्या मुलाने दिलेले उत्तर शिक्षकाने पुन्हा उच्चारावे. पत्र्यावर पाऊस वाजत असताना तोंडी पाठ घेऊ नये. त्या वेळी वाचन-लेखन घ्यावे. ज्या मुलाचा कान वारंवार फुटतो त्याचे ऐकणे आठवड्यागणिक बदलते, आणि असे मूल "लक्ष नसलेले" म्हणून विनाकारण बोलणी खाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीसाठी येते. त्या दिवशी आपल्या वहीतली नावे डॉक्टरांपुढे आवर्जून ठेवावीत.

कमी दिसणाऱ्या मुलासाठी फळ्यावरची चकाकी टाळणे, ठळक रेघांची वही, काळा जाड पेन आणि फळ्यावरचा मजकूर त्याला जवळून पाहता येईल असा कागद, एवढ्याने पुष्कळ काम होते.

वाचनातल्या अडचणीकडे मात्र सावकाश पाहावे लागते, कारण देवनागरीचे स्वतःचे काही डाव आहेत. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व', 'थ' आणि 'य' या जोड्या डोळ्यांना फसवतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची असते. रफार उच्चारात आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ज्या मुलाला क्रमाचेच कठीण जाते, त्याला 'सूर्य' हा शब्द खराखुरा चढ वाटतो. अशा मुलांसाठी सारखी दिसणारी अक्षरे एकाच आठवड्यात घेऊ नयेत. एक अक्षर पक्के झाले की मगच त्याच्या जोडीदाराला आणावे. शब्द मोठ्या टाइपात, ओळींत अंतर ठेवून द्यावा. ओळीखाली पट्टी धरू द्यावी. आणि तयारीशिवाय सर्वांसमोर उभे करून वाचायला लावू नये. उतारा आधी जोडीदाराने वाचून दाखवला आणि मग दोघांनी मिळून वाचला, तर अर्थ हरवत नाही. उतारा वाचता येत नाही म्हणून विज्ञानाचा किंवा परिसराचा पाठ त्या मुलापासून हिरावून घेऊ नये. तो पाठ त्याला ऐकवावा आणि उत्तर तोंडी घ्यावे.

पहिलीत अक्षर उलटे काढणे नैसर्गिक आहे. नीट शिकवूनही तिसरीच्या मध्यावर तीच अडचण तशीच राहिली, तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना कळवावे. अक्षमतेचे निदान शिक्षकाने करू नये आणि पालकांसमोर तर मुळीच उच्चारू नये. आपण काय पाहिले ते उदाहरणांसह सांगावे.

घरची भाषा वेगळी असेल तेव्हा

जत तालुक्यात काही वर्षे काम करताना कानडी घरातली मुले माझ्या मराठी वर्गात होती. त्या मुलांनी मला मराठी संख्यानामांची अडचण दाखवली. मराठीत २१ लिहिताना दोन आधी लिहितो आणि म्हणताना "एकवीस", म्हणजे एक आधी म्हणतो. एकोणतीस तर पुढच्या दशकाचे नाव घेऊन येते. कानडीत मात्र "इप्पत्तोंदु", म्हणजे वीस आणि एक, असा लिहिण्याच्याच क्रमाने उच्चार होतो. त्या मुलांना संख्या येत होती आणि मराठी नाव येत नव्हते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक" असे वाचनही दिले गेले तेव्हा मोठा वाद झाला. मला तो पर्याय पायरी म्हणून अत्यंत उपयुक्त वाटतो : आधी "वीस एक", संख्येचा अर्थ पक्का झाल्यावर "एकवीस". २७ आणि ७२ यांत गोंधळणाऱ्या कोणत्याही मुलावर हे करून पाहावे. घरच्या भाषेतले शब्द वर्गात आले की त्यांना हसू न देता फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहावे. 'हाय', 'न्हाय' म्हणणाऱ्या आपल्या मुलांनाही हीच वागणूक हवी. प्रमाण भाषा ही त्यांना मिळणारी दुसरी भाषा आहे, घरच्या भाषेची दुरुस्ती नव्हे.

मूल्यमापन आणि हक्क

मुलाला जे शिकवले त्या रीतीनेच ते तपासावे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीला आकारिकसाठी (शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनासाठी) ६० आणि संकलितसाठी (सत्राअखेरच्या मूल्यमापनासाठी) ४० असा भार आहे, आणि आकारिकच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, कृती, प्रकल्प ही सर्व येतात. म्हणजे काड्यांनी केलेली वजाबाकी किंवा तोंडी सांगितलेले उत्तर नोंदवण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. मार्ग आधीच खुला आहे, आपण सवयीने तो चाचणीच्या कागदापुरता अरुंद करतो. वर्णनात्मक नोंदीत "प्रगती समाधानकारक" हे शब्द लिहू नयेत, त्यातून पुढच्या शिक्षकाला काहीही कळत नाही.

पालकांना दोन कायद्यांची माहिती द्यावी. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश दिला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अक्षमतेचे २१ प्रकार मान्य असून त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांसारख्या सवलतींची तरतूद आहे. पुष्कळ पालक प्रमाणपत्राला डाग समजतात. त्यांच्याशी बोलताना मुलाला काय येते, येथूनच आरंभ करावा.

हंगामात येणारी आणि जाणारी मुले

नोव्हेंबरच्या सुमारास कोप्या पडल्या की दाखल्याची वाट न पाहता मुलांना वर्गात घ्यावे. त्यांच्यासाठी जूनसारखीच सात-आठ मिनिटांची भेट पहिल्याच दिवशी व्हावी आणि पहिल्या आठवड्यात त्यांना एक ओळखीचा जोडीदार व एक जमणारे काम मिळावे. वाढ्याची (उसाच्या शेंड्यांची) मोळी, गाडीचे वजन, मुकादमाकडची उचल (आगाऊ रक्कम) यांवरची उदाहरणे त्यांना चांगली सोडवता येतात आणि गावातल्या मुलांनाही त्यातून नवे काही कळते.

कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, ही मुले एका रात्रीत निघून जातात, म्हणून फेब्रुवारीपासूनच त्यांची कागदपत्रे तयार ठेवावीत. स्थलांतरित मुलाला पुढच्या शाळेसाठी दिल्या जाणाऱ्या शिक्षण हमी पत्रकाबरोबर मी एक छोटी चिठ्ठी जोडते, पुढच्या शिक्षकासाठी. त्या मुलीच्या चिठ्ठीवर मी लिहिले होते : "पैशांची वजाबाकी तोंडी अचूक करते, वर मोजत जाते. उभ्या मांडणीत सुटा केलेला दशक कमी करायला विसरते, तेव्हा शेजारी काड्यांचा गठ्ठा ठेवावा. तिची रीत वर्गाला दाखवायला सांगितली की खुलते."